उमेदवाराचा कागद

बडोद्याच्या मराठी घरांतून एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. १८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव महाराजांना पदच्युत केले आणि खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावाहून गायकवाड घराण्याच्या एका शाखेतील मुले बडोद्यास आणण्यात आली. "येथे कशासाठी आलात?" असे विचारल्यावर बाकीची मुले गांगरली, बारा वर्षांचा गोपाळ मात्र चटकन म्हणाला, "राज्य करायला." २७ मे १८७५ रोजी त्याचे दत्तविधान झाले आणि तो सयाजीराव झाला.

गोष्ट अक्षरशः अशीच घडली की नाही हा प्रश्न इतिहासकारांवर सोपवू. मला नवल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. हे उत्तर आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. पण आपल्याच घरातील एखादे मूल चारचौघांत असे काही बोलले असते, तर "फार शहाणा झालास" म्हणून त्याला आत पाठविले गेले असते. स्वतःविषयी स्वतःच्या तोंडाने चांगले बोलू नये, ते दुसऱ्याने बोलावे, हा आपल्याकडचा संस्कार. नोकरीचा अर्ज हा कागद नेमका याच संस्काराच्या आड येतो.

हे सारे आठवण्याचे निमित्त घडले ते शेजारच्या एका मुलीमुळे. वाणिज्य शाखेची पदवी आणि तीन वर्षांचा अनुभव असलेली ही मुलगी आपला रेझ्युमे घेऊन माझ्याकडे आली. "काका, तुम्ही सरकारात होतात, शेकडो अर्ज पाहिले असतील. एकदा नजर टाका ना." दोन पाने सुबक छापलेली. वाचून झाल्यावर मी उठलो आणि ट्रंकेतून माझ्या आजोबांचा एक कागद काढून तिच्यापुढे ठेवला. तो मोडीत असल्यामुळे तिला त्यातले एक अक्षरही लागले नाही. मलाही पूर्वी लागत नव्हते. मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध स्नेह्यांनी तो मला काही वर्षांपूर्वी वाचून दाखविला होता.

त्या कागदाकडे वळण्यापूर्वी थोडे शब्दांविषयी. 'अर्ज' हा शब्द अरबीतून आला. वरिष्ठापुढे केलेले निवेदन हा त्याचा अर्थ. 'उमेदवार' फारसीतला. उमेद म्हणजे आशा, ती बाळगून बसलेला तो उमेदवार. जुन्या कचेऱ्यांतून हा अर्थ शब्दशः खरा होता. होतकरू मुलगा एखाद्या कारकुनाच्या हाताखाली बिनपगारी बसे, नकला करी, दप्तर बांधी, आणि जागा रिकामी होण्याची वाट पाही. यालाच उमेदवारी करणे म्हणत. वेगळ्या कागदाची गरजच नसे, कारण माणूस रोज डोळ्यांसमोर असे. त्याचे अक्षर, हिशेब आणि स्वभाव कचेरीला ठाऊक असत. रेझ्युमे हा फ्रेंच शब्द, अर्थ सारांश. करिक्युलम व्हिटे हा लॅटिन शब्दप्रयोग, अर्थ आयुष्याचा प्रवास. म्हणजे युरोपियन माणूस आपल्या आयुष्याचा सारांश लिहीत होता तेव्हा आपण आशा लिहीत होतो.

युरोपातही हा सारांश मोकळेपणाने लिहिणारे फार नसावेत. एक उदाहरण मात्र सर्वत्र सांगितले जाते. १४८२ च्या सुमारास लिओनार्दो द विंची याने मिलानच्या लुदोविको स्फोर्झा याला पाठविण्यासाठी एक पत्र तयार केले. त्याचा मसुदा आज उपलब्ध आहे, मात्र तो त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात नाही. त्यात त्याने मुद्दे घालून सांगितले की मी हलके, सहज नेता येणारे पूल बांधू शकतो, वेढ्याच्या वेळी खंदकातील पाणी काढू शकतो, तोफा आणि आच्छादित रणगाडे करू शकतो. आपल्याला चित्रेही काढता येतात हे त्याने अगदी शेवटी सांगितले. लुदोविकोला त्या घडीस लढाईची चिंता होती, चित्रांची नव्हती; ते ओळखूनच त्याने पत्र रचले होते. पुढे त्याच मिलानमध्ये त्याने 'शेवटचे भोजन' रंगविले, ही गोष्ट निराळी.

आता आजोबांचा कागद. साल १९२७, अर्ज खानगी खात्याकडे. हा मसुदा आहे, खोडाखोडीसकट राहिलेला. आरंभी श्रीमंत सरकार महाराजांची पदव्यांसह पाच ओळींची नामावली. मग आमच्या घराण्याचा वृत्तांत: मूळ पुरुष सातारा प्रांतातून गायकवाडांच्या फौजेबरोबर गुजरातेत कसे आले, पणजोबांनी कोणत्या महालात चाकरी केली, त्यांच्या वडिलांना कोणत्या प्रसंगी शेला मिळाला. यात दीड पान संपते. शेवटी, "सेवकाचे तीन पिढ्यांचे इमान ध्यानी आणून पदरी घ्यावे." या ओळीच्या थोडे वर एक ओळ लिहून आडव्या रेघेने खोडली आहे. ती अशी: "सेवकास इंग्रजी पत्रव्यवहार येतो व दुहेरी नोंदीचा हिशेब ठेवता येतो."

संपूर्ण कागदावर आजोबांना स्वतःला काय येत होते हे सांगणारी तेवढी एकच ओळ होती. ती त्यांनी का खोडली हे विचारण्याच्या वयात मी येण्याआधीच ते गेले. आत्मस्तुती वाटली असेल. कदाचित तिची गरज नाही असे कोणी सुचविले असेल. नोकरी लागली, आणि ती वरच्या दीड पानावर लागली याविषयी मला शंका नाही.

मौजेची गोष्ट अशी की ज्या राजाच्या पदरी हा अर्ज जात होता, तो राजा अर्धशतक नेमके उलटे करू पाहत होता. बडोदा कॉलेज १८८१ मध्ये निघाले, कलाभवन १८९० मध्ये. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू झाला आणि १९०६ मध्ये सर्व राज्यात लागू झाला. शिकलेली माणसे तयार करायची आणि गुण पाहून त्यांना कामे द्यायची, अशी महाराजांची दृष्टी होती. कोकणातून आलेले गोविंद सखाराम सरदेसाई बी.ए. होऊन १८८९ मध्ये महाराजांचे रीडर झाले. बडोद्यात त्यांच्यामागे तीन पिढ्यांची चाकरी नव्हती. १९२५ मध्ये ते सेवानिवृत्त झाले आणि नंतर, साठी उलटल्यावर, त्यांनी पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड संपादित केले. आपल्यासारख्या निवृत्तांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

दुसरे उदाहरण अरविंद घोष यांचे. आय.सी.एस.ची स्पर्धापरीक्षा ते १८९० मध्ये उत्तीर्ण झाले होते. परंतु घोड्यावर बसण्याची परीक्षा न दिल्याने १८९२ मध्ये त्यांना अपात्र ठरविण्यात आले. आजच्या भाषेत ही अर्जातली मोठी पोकळी, मुलाखतीत पहिला प्रश्न तिच्यावरच येईल. त्या वेळी लंडनमध्ये असलेल्या सयाजीरावांशी जेम्स कॉटन यांनी त्यांची गाठ घालून दिली, आणि दरमहा दोनशे रुपयांवर त्यांची नेमणूक झाली. आय.सी.एस.च्या तोडीचा माणूस दोनशे रुपयांत मिळाला म्हणून महाराज खूष होते असे सांगतात. १८९३ मध्ये अरविंद बडोद्यास आले, जमाबंदी आणि सचिवालय अशा निरनिराळ्या खात्यांतून फिरले, शेवटी कॉलेजात स्थिरावले. मराठी आणि गुजरातीही शिकले. त्यांच्याविषयी महाराजांचा एक अभिप्राय आहे. त्याचा आशय असा की माणूस उपयुक्त आणि समर्थ आहे, वक्तशीरपणा व नियमितपणा थोडा वाढवील तर अधिक कामाचा होईल. मी नोकरीत असताना किती तरी गोपनीय अहवाल लिहिले आणि माझ्यावरही लिहिले गेले. पण इतक्या थोड्या शब्दांत इतके न्याय्य लिहिलेले क्वचित पाहिले.

येथवर गोष्ट सरळ आहे: गुणी राजा, गुणी माणसे. आपल्या वर्तुळातील भाषणे बहुधा येथेच थांबतात. पण बडोद्याच्या इतिहासात याच विषयावरचा सर्वांत मोठा खटला पुढेच आहे, आणि त्याला वळसा घालून या कागदाविषयी लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

भीमराव रामजी आंबेडकर यांना बी.ए.पर्यंतच्या शिक्षणासाठी महाराजांनी दरमहा पंचवीस रुपये दिले होते. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यासाठी शब्द टाकला होता. १९१३ मध्ये बडोदे सरकारच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. करार होता की परतल्यावर दहा वर्षे राज्याची सेवा करायची. सप्टेंबर १९१७ मध्ये ते करार पाळण्यासाठी बडोद्यास आले, तेव्हा त्यांच्या नावावर कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. होती, डॉक्टरेटसाठीचे संशोधन होते, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथे सुरू केलेला अभ्यास होता. त्या वर्षी बडोदे राज्याच्या कोणत्याही कचेरीत याच्या तोडीचा कागद दुसऱ्या कोणाचा नसेल. राजा अनुकूल होता, नेमणूक हातात होती. अर्जाने जे मिळवायचे ते सर्व मिळालेले होते.

आणि तरी राहायला जागा मिळाली नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्यांनी ही हकिकत स्वतः सांगितली आहे. हिंदू खाणावळीत प्रवेश नव्हता, म्हणून ते पारशी धर्मशाळेत गेले. तेथे येणाऱ्याचे नाव नोंदवहीत लिहावे लागे आणि जागा फक्त पारश्यांना मिळे. शेवटी पारशी नाव धारण करून त्यांनी नोंद केली आणि वरच्या मजल्यावरील अंधाऱ्या खोलीत दिवस काढले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले दहाबारा पारशी आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत निघून जाण्यास फर्माविले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्री नऊची होती. तोवरचा वेळ त्यांनी कमाटी बागेत काढला. आपण सकाळी फिरायला जातो ती ही सयाजी बाग. त्यांचे चरित्रकार लिहितात की कचेरीत शिपाई कागद लांबून टाकीत आणि पिण्याचे पाणीही मिळत नसे.

मला या हकिकतीत ती नोंदवही पुन्हा पुन्हा दिसते. कोलंबियाची पदवी असलेल्या माणसाला अडविले ते एका रकान्याने, आणि तो रकाना नावाचा होता. बाकीच्या सर्व रकान्यांत त्याच्यासारखे कोणी नव्हते. पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. बडोद्याने स्वतःच्या खर्चाने घडविलेला माणूस बडोद्याने दोन आठवडेही ठेवून घेतला नाही. धर्मशाळेतील लाठ्या पारश्यांच्या होत्या हे खरे. पण कचेरीतली माणसे कोण होती? त्या दप्तरांतून मराठी कारकून थोडे नव्हते. आपल्यापैकी कोणाचे आजोबा, पणजोबा त्या खोल्यांत बसत नसतील असे छातीठोकपणे कोणी म्हणू नये. मी तर म्हणणार नाहीच.

यानंतर अवघ्या दहा वर्षांनी माझ्या आजोबांनी आपली येणारी विद्या खोडली आणि तीन पिढ्या तशाच ठेवल्या. आम्ही घरात तो कागद विनयाचा नमुना म्हणून दाखवीत असू. आज मला वाटते की स्वतःविषयी न बोलण्याची चैन त्यांना परवडत होती, कारण त्यांचे आडनाव त्यांच्या वतीने बोलत होते. ज्याच्या आडनावाला तोंड नव्हते, किंवा ज्याचे आडनाव त्याच्याविरुद्धच साक्ष देत होते, त्याला आपल्या पदव्या मोठ्याने सांगाव्याच लागल्या.

१ मे १९४९ रोजी बडोदे राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी गुजरात राज्य अस्तित्वात आले. आमच्या दीड पानाची किंमत या अकरा वर्षांत शून्यावर आली. खानगी खात्यातील चाकरीचा दाखला गांधीनगरात कोणाला दाखवायचा? शहराभोवती मात्र कारखाने उभे राहिले. अलेंबिक जुनेच, मग गुजरात स्टेट फर्टिलायझर, १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी, त्यानंतर आय.पी.सी.एल. तेथे विचारले जाई ते एवढेच: तुला काय येते? आपली मुले या प्रश्नापुढे गांगरत. कवळाण्याच्या त्या बाकीच्या मुलांसारखी.

मीही गांगरलो होतो. १९८१ मध्ये पदवी हाती आली, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदविले, टायपिंगच्या वर्गाला जाऊ लागलो. पत्रलेखनाच्या एका मार्गदर्शिकेतून इंग्रजी अर्ज उतरविला. त्याचे पहिलेच वाक्य 'मी याचना करतो' अशा अर्थाचे होते. कार्बन घालून त्याच्या प्रती काढल्या, गुणपत्रिकांच्या नकला राजपत्रित अधिकाऱ्याकडून खऱ्या करून घेतल्या आणि चौदा ठिकाणी पाठविल्या. तेरा ठिकाणांहून उत्तर नाही. चौदाव्या कारखान्यात ओळखीचे एक गृहस्थ होते. ते म्हणाले, "अर्ज छान होता रे. पण तुला कोणती जागा हवी ते त्यात कुठेच नव्हते." चौदाही अर्ज सारखेच होते, ते चौदांपैकी कोणालाच उद्देशून नव्हते. पुढे पोस्टल ऑर्डर जोडून राज्य सेवेच्या परीक्षेचा छापील अर्ज भरला आणि स्पर्धेतून निवडला गेलो. स्वतःचे वर्णन करावे लागले नाही, रकाने भरायचे होते, ही सुटका वाटली.

नंतर जिल्हा पातळीवर कंत्राटी पदांच्या निवड समित्यांवर बसलो तेव्हा टेबलाची दुसरी बाजू दिसली. एका सकाळी दीडदोनशे अर्ज चाळायचे असतात. एका कागदाला मिनिटभरही मिळत नाही. 'मेहनती, प्रामाणिक, जबाबदार, मनमिळाऊ' ही विशेषणे प्रत्येकावर असतात, म्हणून ती कोणावरच नसल्यासारखी होतात. एका मुलाचा अर्ज मात्र अजून आठवतो. त्याने लिहिले होते की आपण दोन वर्षे रेशन दुकानात काम केले, चार गावांच्या शिधापत्रिकांची नोंदवही एकट्याने ठेवली, आणि तपासणीत एकदाही फरक निघाला नाही. विशेषण एकही नाही. आम्हाला नोंदी ठेवणाराच माणूस हवा होता. मुलाखतीला बोलाविण्याच्या यादीत त्याचे नाव एकमताने गेले.

त्याच काळातील दुसरी आठवण सांगायला संकोच वाटतो. एका बैठकीत एका चांगल्या अर्जाच्या आडनावावर एका सदस्याने बोट टेकविले, काही बोलले नाहीत, आणि कागद दुसऱ्या गठ्ठ्यात ठेवला. मी पाहिले. मीही काही बोललो नाही. नियमांप्रमाणे गुणदान झाले असे इतिवृत्तात नोंदले गेले, आणि खाली माझी सही आहे.

शेजारच्या मुलीच्या दोन पानांकडे परत येतो. पहिल्याच भागात वडिलांचे नाव, जन्मतारीख, जात, उंची आणि मूळ गाव होते. लग्नासाठीच्या बायोडेटावरूनच तिने मांडणी उचलली होती. आपल्याकडे या दोन कागदांची अशी गल्लत फार होते. स्थळ पाहणाऱ्याला कूळ हवे असते, हिशेबनीस शोधणाऱ्याला हिशेब. त्यानंतर उद्दिष्ट म्हणून एक भरजरी परिच्छेद होता, जो हल्ली संगणकच लिहून देतो असे तिने प्रांजळपणे सांगितले. तिच्याकडूनच मला हेही कळले की मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी संगणक चाळतो आणि जाहिरातीतील कामाचे शब्द अर्जात आहेत का ते पाहतो. सरकारी भरतीचे अर्जही आता 'ओजस'वर रकाने भरून जातात. अक्षर वळणदार असण्याचा काळ संपला. तरी खरेपणाचा संपलेला नाही. जे येत नाही ते लिहिले तर मुलाखतीच्या दुसऱ्या प्रश्नालाच उघडे पडते.

मी तिला विचारले, "तीन वर्षे तू तिथे नेमके काय केलेस?" ती अर्धा तास बोलत होती. पुरवठादारांची थकलेली येणी जुळविली, जी.एस.टी.ची विवरणे वेळेवर भरली, जुन्या वहीतला हिशेब संगणकावर आणताना सापडलेली एक चूक मालकांच्या ध्यानात आणून दिली. यातले एकही वाक्य त्या दोन पानांत नव्हते. "हे का नाही लिहिलेस?" तर म्हणाली, "काका, बढाई मारल्यासारखं वाटतं."

तेव्हाच मी उठून ट्रंक उघडली होती. ती खोडलेली ओळ मी तिला वाचून दाखविली. तिने तो कागद बराच वेळ हातात धरला, मग माझ्याच पेनाने आपल्या पहिल्या पानावरील जात, उंची आणि वडिलांचे नाव यांवर रेघ ओढली आणि येण्यांची हकिकत समासात लिहायला घेतली. मूळ गावापाशी ती थांबली. तेथे सातारा जिल्ह्यातील एका खेड्याचे नाव होते. ते तिने पाहिलेले नाही, तिच्या वडिलांनीही नाही. "हे ठेवू?" तिने विचारले. मी म्हटले, "तू राहतेस कुठे ते लिही." तिने लिहिले, बडोदे, मग ते खोडून वडोदरा केले.

दुसऱ्या दिवशी ती एका पानाचा नवा कागद घेऊन आली. त्यात शब्दलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या तेवढ्या मी दुरुस्त केल्या.